गोजीची बरणी कुठल्या फळीवर?

महादेवपुरा ही स्वतंत्र नगरपालिका होती, तेव्हापासून आम्ही इथले. २००७ साली ती बंगळूर महापालिकेत विलीन झाली, मग मॉल आला, मग २०२३ च्या मार्चमध्ये के. आर. पुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो धावू लागली. या प्रत्येक टप्प्याला वाण्याच्या फळीवर काही ना काही नवं येत गेलं. आधी ओट्स, मग किनवा, चिया, आणि आता गोजी बेरी. लाल, सुरकुतलेली, बेदाण्यापेक्षा जरा सडपातळ, आणि भाव बेदाण्याच्या तिप्पट-चौपट. आमच्या सोसायटीत बहुतेक घरं आयटीवाल्यांची. दिवसभर डोळे स्क्रीनला लावायचे आणि संध्याकाळी 'नॅचरल' काहीतरी शोधायचं, असा एकूण शिरस्ता. मी मूळची कोल्हापूरची, फार्मसी शिकलेली, लग्नाआधी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहिलेली. त्यामुळे मंडळी पाकिटं घेऊन माझ्याकडेच येतात. 'काकू, हे रिकाम्या पोटी खायचं का?' 'मावशी, किती दाणे?' त्यांना वेळोवेळी जे सांगते, ते इथे क्रमाने मांडते आहे.

१. पाकीट हातात आलं की आधी उलटं करा.

पुढच्या बाजूला बर्फाची शिखरं असतात आणि सोनेरी अक्षरांत 'हिमालयन'. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत उत्पादक देश लिहिलेला असतो, चीन. यात लपवण्यासारखं खरं तर काहीच नाही. जगाच्या बाजारातली बहुतेक गोजी चीनमध्येच पिकते. त्यातली सगळ्यात नावाजलेली निंगश्या स्वायत्त प्रदेशातल्या चोंगनिंगची, पीत नदीच्या पाण्यावर वाढलेली. आपल्याकडे देवगडच्या हापूसचा जसा दबदबा, तसा तिथे चोंगनिंगचा. हिमालयाची कथा अलीकडची. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या रसविक्रेत्यांनी ती जोडली आणि ती आजतागायत पाकिटांवरून उतरलेली नाही.

लडाखच्या नुब्रा खोऱ्यात गोजीचा एक भाऊबंद उगवतो, हे खरं. पण त्याची फळं काळी असतात, पिळली की गर्द जांभळा रस येतो. जात वेगळी, लायसियम रूथेनिकम. पाकिटात येते ती लायसियम बार्बरम. तेव्हा लाल गोजी कुणी 'लडाखी' म्हणून देऊ लागला तर हसून पुढे जावं. पाहायचं ते इतकंच: आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक आहे का, आणि पॅकिंगची तारीख मागच्या पावसाळ्याआधीची तर नाही ना.

२. बाटलीतल्या रसाच्या वाटेला जाऊ नका.

मागे आमच्या क्लबहाउसमध्ये एका संध्याकाळी 'हेल्थ टॉक' होता. टाय लावलेला तरुण मुलगा, समोर टेबलावर ओळीने मांडलेल्या काचेच्या बाटल्या, आणि पडद्यावर एका दाढीवाल्या चिनी म्हाताऱ्याचा फोटो. म्हातारा म्हणे रोज गोजी खायचा आणि २५२ वर्षं जगला. हा ली चिंग-युएन. सिचुआनकडचा जडीबुटीवाला. माणूस खरोखर होऊन गेला, १९३३ साली वारला, आणि त्याच्या वयाच्या अचाट दाव्यांना त्या वेळी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनीही जागा दिली. पण जन्माचा दाखला कुणी पाहिला? अडीचशे वर्षं जगलेला एकही माणूस कागदोपत्री सिद्ध झालेला नाही. रस विकणाऱ्यांना मात्र हा म्हातारा इतका सोयीचा की ते त्याला काही मरू देत नाहीत.

प्रश्नोत्तरांची वेळ आली तेव्हा मी साधंच विचारलं, 'बाटलीत गोजी किती टक्के?' मुलगा म्हणाला, 'मॅडम, ही प्रोप्रायटरी ब्लेंड आहे.' बाटली हातात घेऊन घटक वाचले. गोजीबरोबर द्राक्षाचा रस, सफरचंदाचा रस, नासपतीचा रस. कुणाचं प्रमाण किती, ते कुठेच नाही. पुढची स्लाइड 'तुमच्याखाली तीन जण जोडा' अशी होती. तिथे अर्धी खोली रिकामी झाली. अशा बाटल्यांवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ सालीच काही गोजीरस विक्रेत्यांना तंबी दिली होती, की रोग बरे करण्याचे दावे केलेत तर तुमचा रस आम्ही औषध धरू, आणि मग औषधाचे कायदे लागतील. आपल्याकडे ही भाषणं अजून क्लबहाउसमध्ये चालतात. चहा-सामोसे फुकट असतात, तेवढे खाऊन यावे.

३. वाटीभर पाण्याने निम्मी परीक्षा होते.

चमचाभर गोजी पांढऱ्या वाटीत कोमट पाण्यात टाका आणि भाजी चिरून होईपर्यंत तिकडे पाहू नका. चांगल्या मालाचं पाणी फिकट पिवळं, फार तर नारिंगीकडे झुकणारं होतं. पाणी झटकन लालभडक झालं तर रंग बाहेरून लावलेला आहे. गोजीचा स्वतःचा रंग तेलात-तुपात विरघळणारा असतो, पाण्यात तो सहजी उतरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

मग एक दाणा बोटांत धरून पाहा. एका टोकाला, देठ तुटला तिथे, फिकट पांढरा ठिपका दिसतो. रंगवलेल्या मालात तो ठिपकाही लाल असतो. नखाने फाडलात तर आत चपट्या, पिवळसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया. मिरचीची फोड उघडल्यावर दिसतात तशाच. उन्हात वाळवलेल्या मालात कुठला दाणा गडद, कुठला विटकरी, कुठला जरा काळवंडलेला असतो. सगळे दाणे एकाच झगझगीत रंगाचे असतील आणि पाकीट उघडल्याबरोबर नाकाला आंबट झणका बसला, तर तो गंधकाच्या धुरीचा. जर्दाळूलाही ही धुरी देतात. रंग टिकतो, कीड लागत नाही, पण दम्याच्या माणसाला त्या सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. असा माल परत करावा.

ठेवण्याचं म्हणाल तर काचेची बरणी आणि फ्रिज. गोजीत साखर भरपूर. पावसाळ्यात ती बाहेर राहिली की दाण्यांचा गोळा होतो आणि रंग चहाच्या चोथ्यावर जातो.

४. ती बेदाणा नाही, टोमॅटोची नातलग आहे. स्वयंपाक त्या हिशेबाने करा.

वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची, अश्वगंधा ज्या कुळातली, त्याच कुळात गोजी. चवीलाही गोडाच्या मागे एक खारट-आंबूस, वाळवलेल्या टोमॅटोची छटा असते. बेदाण्याऐवजी खिरीत टाकणारे नाक मुरडतात ते यामुळेच. आमच्या समोरच्या इमारतीत मलेशियातल्या पिनांगहून आलेली, चिनी वंशाची एक मुलगी राहते. नवरा बंगळूरचाच तमिळ. तिने मला एकदा गंमत सांगितली. इथली मंडळी तिला भक्तिभावाने 'गोजीचे फायदे' विचारतात, आणि तिच्या घरी तर आजी मुठीने उचलून कोंबडीच्या सूपमध्ये टाकायची, आपण खसखस टाकतो तितक्या सहज. बाळंतिणीला महिनाभर लाल खजूर आणि गोजी उकळलेलं पाणी द्यायची पद्धत. हा लाल खजूर म्हणजे खजूर नव्हेच, आपल्या बोराच्या जातीचं फळ. आपल्या अळीव-डिंकाच्या लाडवांची आठवण झाली मला. तिच्या आजीने कुणाला एवढे दाणे, इतक्या वाजता, असं कधी सांगितलं नाही.

तिची एक सूचना मात्र सोन्यासारखी. गोजी शेवटी घालायची. सुरुवातीपासून उकळली की फुटून चिखल होतो आणि आंबटपणा वर येतो. शेवटची पाच-सात मिनिटं पुरेत.

ते डोक्यात ठेवून मी जे जमवलं ते असं. टोमॅटोच्या सारात दोन चमचे भिजवलेली गोजी टोमॅटोबरोबरच वाटते. साराला अंग येतं आणि गूळ निम्मा लागतो. (इथे वाटलेली आहे, तेव्हा आधी घातली तरी चालते.) नाचणीच्या आंबिलीत, जिला इथे अंबली म्हणतात, वाढताना वरून चार दाणे. मुगाच्या खिचडीवर फोडणी देताना तूप-जिरं तडतडलं, गॅस बंद केला, मग गोजी. दिवाळीच्या चिवड्यात तिला घेऊ नये. गरम तेलात पडल्यापडल्या काळी होते आणि सगळा चिवडा कडसर करते.

आणि पांढरा रस्सा. कोल्हापूरची माणसं हे वाचून मला वाळीत टाकतील, पण टाकोत. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखस-तिळाचं वाटण, सगळं नेहमीसारखं. गोजी वाटीभर गरम अळणीत भिजत ठेवायची आणि नारळाचं दूध घालून पातेलं उतरवलं की वरून सोडायची. पांढऱ्याशुभ्र रश्श्यावर लाल दाणे तरंगतात, घोटाबरोबर एखादा दाताखाली येतो, गोडसर. धाकटे दीर पहिल्यांदा पाहून म्हणाले, 'वहिनी, डाळिंब का टाकलंय?' मग तीन वाट्या ओढल्या. पिनांगच्या त्या मुलीने चव घेतली आणि म्हणाली, आजीचं सूप असंच, फक्त त्यात नारळ नव्हता.

माझी गोजीची बरणी म्हणून खसखस आणि सुक्या खोबऱ्याच्या शेजारी आहे. औषधांच्या डब्याशेजारी नाही.

५. डोळ्यांसाठी म्हणाल, तर दाव्यात तथ्य आहे, पण तुपासकट.

चिनी वैद्यकात गोजी डोळ्यांसाठी फार जुनी. सोळाव्या शतकात ली शिचेनने जो प्रचंड औषधग्रंथ लिहिला त्यात ती आहे. शेवंतीची फुलं आणि गोजी यांचा चहा तर तिकडे घरोघरी होतो. आयुर्वेदाशी तिचा संबंध नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

आजच्या भाषेत कारण असं: आपल्या डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी एक पिवळा ठिपका असतो, मॅक्युला. त्याचा पिवळेपणा ल्यूटिन आणि झिअ‍ॅझँथिन या दोन रंगद्रव्यांमुळे. गोजीचा लाल-नारिंगी रंग बहुतांशी झिअ‍ॅझँथिनचाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत एक छोटा प्रयोग झाला, २०२१ च्या अखेरीस छापून आला. ४५ ते ६५ वयाच्या निरोगी माणसांतल्या काहींना ९० दिवस, आठवड्यातून पाच वेळा, २८ ग्रॅम गोजी दिली. त्यांच्या मॅक्युलातलं रंगद्रव्य वाढलेलं दिसलं. चांगली गोष्ट. पण सगळी मिळून माणसं होती २७, आणि त्यातल्या निम्म्याच गटाने गोजी खाल्ली. शिवाय रंगद्रव्य वाढणं वेगळं आणि आजार टळणं वेगळं. त्यासाठी वर्षानुवर्षं पाहावं लागतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत उतारवयातल्या मॅक्युलाच्या आजारासाठी ज्या गोळ्या तपासल्या, त्यांत झिअ‍ॅझँथिन होतं, रोज २ मिलिग्रॅम. त्या गोळ्या ज्यांना तो आजार आधीच मध्यम टप्प्यावर आहे त्यांच्यासाठी, नेत्रतज्ज्ञाने लिहून द्यायच्या. चष्म्याचा नंबर उतरवण्याशी यातल्या कशाचाच संबंध नाही, आणि आमच्या सोसायटीत नव्वद टक्के चौकशी नंबराचीच असते.

तुपाचं म्हणत होते. रंगद्रव्य स्निग्धात विरघळणारं, म्हणजे नुसत्या पाण्याबरोबर ते पोटातून फारसं शोषलं जात नाही. जेवणात, तूप-खोबऱ्याबरोबर, किंवा मूठभर शेंगदाण्यांबरोबर खावी. रिकाम्या पोटी पाण्याबरोबर खाणं म्हणजे महागाचा माल गटारात सोडणं. अंड्याचा बलक, मका, नारिंगी ढोबळी मिरची यांतही झिअ‍ॅझँथिन असतं, हेही सांगून ठेवते.

६. 'क' जीवनसत्त्वासाठी घेत असाल तर पेरू आणा.

वाळलेल्या गोजीत १०० ग्रॅमला ४८ मिलिग्रॅमच्या आसपास, पेरूत २०० च्या वर. आवळ्याचं तर विचारूच नका. हुडीच्या सिग्नलजवळ गाडीवर मिळतो तो पेरू, तिखट-मीठ लावून.

७. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या ज्यांना चालू असतील, गोजी घरात असली तरी त्यांच्या ताटात नको.

ही एकच गोष्ट मी आवाज चढवून सांगते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाचे वडील सोलापूरहून इथे राहायला आले होते. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे अ‍ॅसिनोकुमॅरॉलची गोळी रोजची. मुलगा हौशी, वडिलांसाठी रात्री गोजी भिजत घालायचा आणि सकाळी ते पाणी दाण्यांसकट द्यायचा. एकदा लिफ्टमध्ये काका भेटले. हातावर पालथ्या बाजूला निळा डाग होता. म्हणाले, 'कुठं लागलं, आठवत नाही बघा.' मी विचारलं, 'काका, गोळीबरोबर नवीन काही सुरू केलंय का?' तेव्हा गोजीचा पत्ता लागला.

त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा वर गेलेला निघाला. डॉक्टरांनी गोजी थांबवली, पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला. डाग गोजीमुळेच, असं छातीठोक मी म्हणणार नाही. साठी-सत्तरीत या गोळ्यांवर असलेल्या माणसाला साधा धक्कासुद्धा पुरतो. पण या जोडीची नोंद वैद्यकात जुनी आहे. २००१ साली ६१ वर्षांच्या एका चिनी बाईंची हकिगत छापून आली होती. वॉर्फरिनवर त्यांचा आकडा नीट दोन-तीनमध्ये असायचा. गोजीचा दाट काढा दिवसाला तीन-चार पेले प्यायल्या आणि काही दिवसांत आकडा ४.१ झाला. काढा बंद केल्यावर खाली आला. नंतरही अशा नोंदी झाल्या. वॉर्फरिन काय, अ‍ॅसिनोकुमॅरॉल काय, एकाच घरातली औषधं. पिणारी चिनी बाई असो की सोलापूरचे काका, यकृताला फरक पडत नाही.

औषधाच्या दुकानात उभी असताना मी एक शिकले. 'कुठली औषधं चालू आहेत?' असं विचारलं की लोक गोळ्या सांगतात, काढे सांगत नाहीत. जे घरच्या बरणीतून येतं ते त्यांच्या लेखी औषध नसतंच. म्हणून प्रश्न असा करावा: 'सकाळी उठल्यावर जेवणापर्यंत पोटात काय काय जातं?' मग मेथीचं पाणी, दालचिनी, कोरफडीचा रस, गोजी, सगळं बाहेर येतं. डॉक्टरकडे जाताना ती यादी कागदावर लिहून न्यावी. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही तेच करावं.

ज्यांना पीच किंवा टोमॅटोची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी पहिल्यांदा एखादाच दाणा खाऊन थांबावं. अशा माणसांना गोजीनेही ओठ सुजल्याची, अंगावर पित्त उठल्याची उदाहरणं स्पेनमध्ये नोंदली गेली आहेत.

८. वाळलेली गोजी निम्मी साखरच असते.

१०० ग्रॅममागे ४५ ग्रॅम. 'शुगर-फ्री सुपरफूड' म्हणून मधुमेही नवऱ्याच्या डब्यात मूठभर देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. चमचाभर पुरे.

९. थर्मासच्या तळाशी उरते तीच खायची असते.

चीनमध्ये २०१७ साली एक फोटो गाजला. 'ब्लॅक पँथर' नावाच्या तिथल्या जुन्या रॉक बँडचा ड्रमवादक हातात थर्मास घेऊन उभा. एके काळचा बंडखोर, आणि आता कोमट पाणी पितोय! त्यावरून तिकडे थर्मास आणि गोजी ही चाळिशीची निशाणी ठरली, तरुण पोरं एकमेकांना त्यावरून चिडवू लागली. आमचा भाचा इथल्याच टेक पार्कमध्ये आहे. तिशीसुद्धा ओलांडलेली नाही आणि टेबलावर थर्मास, थर्मासमध्ये गोजी. त्याची अख्खी टीम तसंच करते. दिवसभर पाणी पितात आणि संध्याकाळी फुगलेले दाणे बेसिनमध्ये ओतून देतात.

मी त्याला म्हटलं, 'अरे, वाटीतल्या पाण्याचा रंग आठव. पाण्यात जे उतरतं ते पिवळं, खरा माल दाण्यातच राहतो.' पाण्यात साखर, थोडी शर्कराद्रव्यं, चव हे सगळं उतरतं, नाही असं नाही. पण डोळ्यांच्या नावाने पिताय तर डोळ्यांचा भाग फेकताय. आता तो दाणे दुपारच्या डब्यातल्या भातावर घालून खातो. थर्मासचं चिडवणं मात्र आम्ही सोडलेलं नाही. चिनी वैद्यकात गोजीला पुरुषांच्या जोमासाठीही मानतात, आणि घरापासून दूर गेलेल्या नवऱ्याने ती खाऊ नये असा एक जुना मिश्कील सल्लाही तिकडे आहे. हा भाग भाच्याला सांगितलेला नाही. लग्न ठरायचंय.

१०. रोप लावायचं असेल तर हौसेने लावा, फळाच्या आशेने नको.

पाकिटातल्या दाण्यातली बी रुजते. भिजवून, बिया सोडवून, कोकोपीटमध्ये पातळ पसरल्या की टोमॅटोसारखी रोपं येतात. आमच्या बाल्कनीत पूर्वेच्या उन्हात एक आहे. फांद्या लांब, लोंबत्या, मधूनमधून काटे. गोजीला कडक थंडीचा आराम लागतो. बंगळूरचा डिसेंबर तिच्या दृष्टीने शरदच. माझ्या झाडाने फळं मोजून दिली आणि त्यांतलीही बरीच बुलबुलांनी नेली. पांढरी माशी आणि भुरी हे टोमॅटोचेच पाहुणे इथेही मुक्कामाला.

पण फूल पाहाच. नखाएवढं, जांभळं, पाच पाकळ्यांचं, मध्ये पिवळे पुंकेसर. परसात वांगी लावलेल्या कुठल्याही बाईला ते ओळखीचं वाटेल. आणि पानं खाता येतात. दक्षिण चीनमध्ये कोवळी पानं सूपमध्ये घालतात. मी लसूण-मिरचीवर परतून मुगाच्या डाळीत घालते, चव जराशी कडवट, मेथीच्या वळणावर जाणारी. फळाची वाट पाहत बसलेल्यांना मी पानं खुडायला सांगते.

११. गोजी महाग वाटली तर तिची गरीब बहीण सोप्पूवालीकडे आहे.

सकाळी आमच्या रस्त्यावर 'सोप्पू, सोप्पू' म्हणजे पालेभाजीची हाळी येते. मेथी, दंटू म्हणजे माठ, सब्बसिगे म्हणजे शेपू, आणि त्यात कधीतरी गणिके सोप्पू. ही आपली कामोणी. बांधावर, उकिरड्यावर, पडक्या भिंतीशी कुठेही उगवते, पांढरी चिमुकली फुलं आणि काळ्या मण्यांसारखी फळं. गोजीच्याच कुळातली. आयुर्वेदात काकमाची म्हणून तिला जागा आहे. महाराष्ट्रात आम्ही तिच्याकडे तण म्हणून पाहिलं; कन्नड आणि तमिळ घरांत ती भाजी आहे. तोंड आलं की इथली प्रत्येक अज्जी आधी तिचंच नाव घेते. सोप्पूवाली अक्का मला पहिल्यांदा जुडी देताना म्हणाली होती, 'बायि हुण्णु' म्हणजे तोंडाच्या फोडांसाठी. मी फोड नसतानाही घेते.

तिची तंबुळी, म्हणजे इथलं ताकातलं गार तोंडीलावणं, अशी. पानं धुऊन निवडायची. जुडीत हिरवी, कच्ची फळं असतील तर खुडून टाकायची, त्यांत सोलॅनिन असतं. काळी पिकलेली चालतात. तुपात जिरं, चार मिरी आणि पानं मऊ होईपर्यंत परतायची, गार झाल्यावर ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटायची. वाटण ताज्या, आंबट नसलेल्या ताकात मिसळायचं, मीठ घालायचं आणि वरून मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी. भाताबरोबर, गारच खायची. ताक घातल्यावर पातेलं पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, नाहीतर फुटतं.